फी सोडा, बुडणारा पगार मोजलात का?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, तू पेपरात आहेस ना? मग सांग, डिप्लोमा करू की नको?" पेपरात असण्याचा आणि डिप्लोमा कळण्याचा काय संबंध, हे मी त्याला विचारलं नाही. एक तर तो कधी फोन करत नाही. दुसरं म्हणजे आवाजावरून कळत होतं की घरात यावर आधीच काहीतरी वाजलंय.

त्याची परिस्थिती थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हीच असेल. दहावीनंतर आयटीआयला फिटर केलं. दोन वर्षं. नंतर ठेकेदारामार्फत एका कंपनीत मेंटेनन्सला चिकटला. ओव्हरटाइम सोडला तर हातात चौदा हजार येतात. आता कुणीतरी सांगितलं की आयटीआयवाल्यांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांत हातात इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. मावशी म्हणते कर. काका काही बोलत नाहीत, कारण टेम्पोचा हप्ता आहे, धाकटी बारावीला आहे, आणि घरात ठरलेल्या तारखेला येणारा पैसा एकच, याचा पगार.

माहिती त्याला बरोबर मिळाली होती. बारावी सायन्स, बारावी व्होकेशनल किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय यापैकी काही झालं असेल, तर तीन वर्षांचा डिप्लोमा दोन वर्षांत पूर्ण करता येतो. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप फेरीतून, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. आपल्या रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहेच. त्यामुळे प्रश्न प्रवेशाचा नव्हताच. प्रश्न होता, दोन वर्षं दिली तर परत काय मिळणार?

रविवारी तो घरी आला. आम्ही वहीचं मागचं पान फाडलं आणि हिशोबाला बसलो. पुढचे आकडे आम्ही त्याच्या गणितासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला. पद्धत तीच राहील.

त्यानं आधी लिहिली फी. सगळे तेच करतात. सरकारी कॉलेज, घरून ये-जा. फी आणि परीक्षेचे मिळून वर्षाला दहा हजार धरले, म्हणजे दोन वर्षांचे वीस. पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, प्रवास, प्रोजेक्ट यांचे तीस. एसटीच्या विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत असते, म्हणजे एक तृतीयांश पैसेच भरायचे, त्यामुळे प्रवास फार बोचत नाही. एकूण झाले पन्नास हजार. त्याचा चेहरा खुलला. "एवढंच? हे तर मी चार महिन्यांत कमावतो."

तिथंच तर घोळ आहे. मी त्याला खाली आणखी एक ओळ लिहायला लावली. चौदा हजार गुणिले चोवीस महिने. तीन लाख छत्तीस हजार.

हा पैसा त्याच्या खिशातून जाणार नाही, तो खिशात येणारच नाही. त्यामुळे तो खर्च वाटत नाही. पण काकांच्या हप्त्याला विचारा, त्याला बरोबर वाटेल. दोन्ही मिळून बेरीज तीन लाख शहाऐंशी हजार, आणि त्यात कॉलेजची फी फक्त वीस हजार. म्हणजे जेमतेम पाच टक्के. आपण सगळे वाद घालतो ते या पाच टक्क्यांवर. कुठल्या कॉलेजची फी दोन हजारांनी कमी, कुणाची जास्त. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांबद्दल घरात कुणी बोलत नाही.

बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनो, तुम्हाला वाटेल की आम्ही कुठं कमावत होतो, आमचं काय बुडतंय? बरोबर. तुमचं कमी बुडतंय. म्हणून तर तुमचा आणि माझ्या भावाचा निर्णय एकच असायला हवा असं नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकच फी भरून बसलेल्या दोघांना तोच डिप्लोमा वेगवेगळ्या किमतीला पडतो.

आता कमाईची बाजू.

डिप्लोमा झाला की लगेच नोकरी असं आपण धरतो. प्रत्यक्षात बरेच जण आधी वर्षभर अप्रेंटिस म्हणून जातात. 2019 साली नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार आयटीआयवाल्याला महिना किमान 7,000 आणि डिप्लोमावाल्याला किमान 8,000 रुपये विद्यावेतन ठरलं. पदवीवाल्याला 9,000. हे आकडे 36 टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेनं मे 2025 मध्ये केली. राज्य सरकारच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही आयटीआय आणि डिप्लोमा एकाच रांगेत आहेत, दोघांना महिना 8,000. म्हणजे तुम्ही दोन वर्षं जास्त शिकून आलात, याची सरकारी योजनेच्या लेखी किंमत शून्य. कंपन्या किमान रकमेपेक्षा जास्त देऊ शकतात, काही देतातही. पण हिशोब करताना किमानच धरावं, असं माझं मत.

आठ हजार हा आकडा ऐकून भाऊ उठून पाणी प्यायला गेला.

साहजिक आहे. आज तो चौदा हजार घेतोय. दोन वर्षं तिथंच राहिला तर पंधरा होतील असं धरू. डिप्लोमा करून तो आठ हजारांवर येणार. म्हणजे त्या तिसऱ्या वर्षातही महिन्याला सात हजारांचा खड्डा, वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. आधीच्या बेरजेत ते मिळवले की चार लाख सत्तर हजार. ही त्याच्या डिप्लोमाची खरी किंमत. कॉलेजच्या माहितीपत्रकात हा आकडा सापडणार नाही.

एवढे पैसे भरून निघायला किती दिवस लागतील? इथं बहुतेक जण पगाराकडे बघतात. बघायचा असतो तो फरक. डिप्लोमानंतर मिळणारा पगार वजा डिप्लोमा न करता त्याच वेळी मिळाला असता तो पगार. समजा तेव्हा ठेकेदाराकडे त्याला सोळा हजार मिळाले असते आणि डिप्लोमानंतर अठरा मिळतात. फरक दोन हजार. चार लाख सत्तर हजार भागिले दोन हजार म्हणजे दोनशे पस्तीस महिने. साडेएकोणीस वर्षं! आणि पगार पंचवीस हजार झाला तर? फरक नऊ हजार, बावन्न महिने, साडेचार वर्षांच्या आत सगळं वसूल. डिप्लोमा तोच, कॉलेज तेच, मार्कही कदाचित तेच. अठरा आणि पंचवीस यांच्यामधल्या सात हजारांनी उत्तर उलटंपालटं होतं. (मधली महागाई, पगारवाढ, व्याज वगैरे आम्ही सोडलं. वहीचं एकच पान होतं.)

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. अठरा कुठं मिळतात आणि पंचवीस कुठं?

आपल्या जिल्ह्यात यंत्रं नाहीत असं नाही. जयगडला 1,200 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आणि बंदर, रनपारला पीव्हीसीचा कारखाना, खेडकडे लोटे परशुरामची रासायनिक वसाहत, गुहागरला अंजनवेलचा वायूवर चालणारा वीज प्रकल्प, आणि मधून जाणारी कोकण रेल्वे. फिटर, इलेक्ट्रिशियन, केमिकलचा डिप्लोमावाला या सगळ्यांना इथं काम आहे. पण कुणाच्या पे-रोलवर, हा खरा मुद्दा. गेटच्या आत एकाच पंपावर काम करणाऱ्या दोघांत एक कंपनीचा असतो, दुसरा ठेकेदाराचा. डिप्लोमा करून पुन्हा ठेकेदाराकडेच लागलात, तर फरक त्या दोन हजारांच्या आसपासच घुटमळण्याची भीती असते. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा ‘प्लेसमेंट किती टक्के’ यावर थांबू नका. त्यातले किती कंपनीच्या पे-रोलवर, किती ठेक्यावर आणि किती अप्रेंटिस, हे विचारा.

आणखी एक गोष्ट मला हा हिशोब करेपर्यंत माहीत नव्हती. कामगाराला ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं मिळतो. सुपरवायझर झालात, ‘स्टाफ’मध्ये गेलात की बहुतेक ठिकाणी तो थांबतो. भावाला शटडाऊनच्या महिन्यात ओव्हरटाइममुळे वीस हजारांच्या वर मिळाले होते. तेव्हा डिप्लोमानंतरच्या पगाराची तुलना त्याच्या नुसत्या चौदा हजारांशी केली तर आपण आपलीच फसवणूक करू.

बरं, पुण्याला गेलं तर? चाकणला, रांजणगावला? हा प्रश्न रत्नागिरीत कुणाला चुकलाय! आधी मुंबई होती, आता पुणे. पगाराचा आकडा तिकडे मोठा दिसतो, यात शंका नाही. पण बावीस हजारांतून खोलीचा वाटा, मेस, येण्या-जाण्याचे मिळून नऊ हजार वजा करा. उरले तेरा. इथं घरी राहून, मावशीच्या हातची आमटी खाऊन सोळा मिळत असतील, तर बावीसचा पुणेकर सोळाच्या रत्नागिरीकरापेक्षा गरीब आहे. हे पहिल्या दोन-तीन वर्षांचं झालं. पुढे तिकडे कंपन्या बदलून पगार वाढवता येतो, इथं बदलायला कंपन्या मोजक्याच. ज्याला पाच वर्षं बाहेर काढायचीत त्यानं पुणे धरावं. वर्षभरात गणपतीला आला तो परत गेलाच नाही, अशी ज्यांची तब्येत आहे त्यांनी हिशोब रत्नागिरीच्याच पगारावर मांडावा. माझ्या वर्गातल्या अशा तिघांची नावं मी आत्ता सांगू शकते.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सबद्दल एक सांगते. त्यावर मोठ्ठ्या अक्षरात असतो सगळ्यात मोठा पगार. समजा पाच जणांना नोकरी लागली. दोघांना 1.8 लाख, एकाला 2, एकाला 2.2 आणि एकाला 6. फ्लेक्सवर छापतील 6. सरासरी सांगतील 2.76. पण पाच जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्याला मिळतात 2 लाख. या मधल्या आकड्याला मीडियन म्हणतात. एनआयआरएफच्या माहितीत इंजिनिअरिंगच्या पदवी कॉलेजांना मीडियन पगार द्यावा लागतो. अमेरिकेत ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ची दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते, साधारण आपल्या डिप्लोमासारखी. तिथल्या सरकारची 2015 पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची सोय आहे. कॉलेज निवडलं की तिथून शिकलेल्यांची मीडियन कमाई आणि डोक्यावरचं कर्ज, दोन्ही समोर येतं. डिप्लोमाला जाताना आपल्याला मात्र हा आकडा तोंडानं मागावा लागतो. मागा. लाजू नका. ऑफिसात नाही सांगितला तर गेल्या वर्षी पास झालेल्या पाच जणांना गाठा. रत्नागिरी एवढी मोठी नाही, मारुती मंदिरच्या सर्कलला तासभर उभं राहिलात तरी दोघं भेटतील.

आणि ‘पॅकेज’ म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. वर्षाला 2.4 लाख म्हटलं की आपण बारानं भागून वीस हजार म्हणतो. मूळ पगार दहा हजार धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय हे त्या वीसातच मोजलेलं असतं. शिवाय तुमच्या वाट्याचा पीएफ कापला जातो, व्यवसाय कर दोनशे. हातात येतात सोळा हजारांच्या आसपास. पीएफ आपलाच असतो, तो बुडत नाही, पण त्यातून टेम्पोचा हप्ता भरता येत नाही. (मुलींनो, महाराष्ट्रात 2023 पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. वर्षाचे अडीच हजार वाचतात.)

मुलींचा विषय निघालाच आहे तर, राज्य सरकारनं जुलै 2024 मध्ये आदेश काढून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. तुमचा कोर्स आणि कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघा. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, त्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी शिक्षण फी. दोन्हींसाठी अर्ज महाडीबीटीवर. एक काळजी घ्या, प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. ‘बघू नंतर, मॅनेजमेंटमधून घेऊ’ म्हणालात तर शिष्यवृत्तीवर पाणी सोडावं लागतं. धाकटीला बारावीनंतर काय करायचंय, हे आमच्या मावशीनं अजून तिला विचारलेलं नाही. ती सायन्सला आहे. तिला मेकॅनिकल आवडतं. मी फक्त सांगून ठेवते.

कर्जाचंही बघितलं. भावाला दूरच्या खाजगी कॉलेजात हॉस्टेलवर राहायचं असतं तर? चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. चार लाख, दहा टक्के व्याज, पाच वर्षं धरलं तर हप्ता येतो साडेआठ हजार. अप्रेंटिसच्या विद्यावेतनापेक्षा जास्त! शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे वर्षभर हप्त्याला सवलत असते, पण व्याज त्या काळातही चढतच असतं. हा पर्याय आम्ही दोन मिनिटांत खोडला.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी डिप्लोमाच्या विरोधात आहे. नाही. कारण काही दारं अशी आहेत की ती चौदा-सोळा हजारांच्या गल्लीत उघडतच नाहीत. रेल्वे भरती मंडळाच्या ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा लागतो आणि तिथं सुरुवातीचं मूळ वेतन 35,400 आहे. आयटीआयवर टेक्निशियन किंवा असिस्टंट लोको पायलट होता येतं, त्याचं 19,900 पासून. दोघांनाही भत्ते वेगळे. सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषदेत सिव्हिलवाल्यांना कनिष्ठ अभियंता होता येतं. महावितरणचा विद्युत सहायक आयटीआय इलेक्ट्रिशियनला होता येतं, पण पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. 2023 च्या जाहिरातीत ते 15, 16 आणि 17 हजार होतं. कोकण रेल्वेच्या भरतीत ज्यांची जमीन प्रकल्पात गेली त्यांना प्राधान्य असतं. तुमच्या आजोबांचा सातबारा एकदा काढून बघा, खरंच.

ज्युनिअर इंजिनिअर झाला तर माझ्या भावाचे चार लाख सत्तर हजार दोन वर्षांत वसूल. पण जागा किती आणि बसणारे किती, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. ‘होईलच’ असं धरून मांडलेला हिशोब हिशोब नसतो, नवस असतो.

दुसरं दार पदवीचं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तोही डिप्लोमाच्या मार्कांवर, सीईटीशिवाय. रत्नागिरीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय झालंय, फिनोलेक्स अकादमी आहे, देवरूखजवळ आंबवला राजेंद्र माने कॉलेज, लवेलला घरडा. दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा, पदवी असं केलं तर सात वर्षं. अकरावी-बारावी करून गेलेल्याला सहा. एकच वर्ष जास्त, आणि याच्या हाताला फाइल आणि लेथ आधीपासून माहीत. मात्र या वाटेनं जायचं असेल तर दोन वर्षांचा हिशोब पाच वर्षांचा होतो. पगार बुडण्याची वर्षंही पाच. हे घरी आधीच सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ‘आता बी.ई. करतो’ म्हणून बॉम्ब टाकायचा नाही.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, म्हणजे नकोच ना?" मी म्हटलं, फरकाची रक्कम तू ठरव, मी नाही. मग आम्ही बुडणारा पगार कमी कसा करता येईल ते बघितलं. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पॅकिंगला माणसं लागतातच, पण त्याच दिवसांत परीक्षा असते. ते बाद. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शटडाऊनचं काम असतं, तेव्हा ठेकेदार ओळखीच्या फिटरला नाही म्हणत नाही. त्यातून दोन वर्षांत चाळीस हजार निघतील असा त्याचा अंदाज. शनिवार-रविवार गावातल्या पंपांच्या दुरुस्त्या तो आत्ताही करतो, त्याचे पैसे काका घेत नाहीत. असं धरून चार लाख सत्तरचे चार लाखांवर आले. काकांच्या टेम्पोचे हप्ते अजून चौदा महिने आहेत, हे त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं. भावाला तो आकडाच माहीत नव्हता, त्यानं कधी विचारला नव्हता.

माझ्या स्वतःच्या पदवीचा असा हिशोब त्यानं मला विचारला. तीन वर्षं मास कम्युनिकेशन, आणि आता इंटर्नशिप. मी विषय बदलला.

त्यानं ते पान घडी करून पाकिटात ठेवलं. गुरुवारी त्याचा मेसेज आला. चौदा हप्ते संपेपर्यंत नोकरी, तोवर गणिताची उजळणी, आणि फॉर्म यंदा नाही, पुढच्या वर्षी. कॉलेज सुरू झाल्यावर शेवटचे एक-दोन हप्ते उरतील, ते पंप दुरुस्तीच्या पैशांतून. खाली एक ओळ होती, "पप्पा बोलले माझ्याशी. तासभर." आणि त्याखाली पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदांची यादी. उत्पन्नाच्या दाखल्यासमोर त्यानं प्रश्नचिन्ह केलंय. तहसीलदार कार्यालयात त्याला सुट्टीच्या दिवशी जाता येत नाही, म्हणून सोमवारी मी जातेय.